छत की गच्ची

इंदूर, सुदामानगरहून, बुधवार रात्र
विषय: रविवारचं काव्यवाचन

नमस्कार मंडळी,

रविवारचं काव्यवाचन सव्वासहाला सुरू झालं आणि पावणेनऊला संपलं. बाहेर धो धो पाऊस, तरी 27 जण आले आणि त्यातल्या 14 जणांनी वाचलं. रामबागेतल्या वहिनींनी केलेला भुट्ट्याचा कीस मध्यंतराच्या आधीच फस्त झाला. हॉलचं भाडं आणि चहा धरून वर्गणीतून 140 रुपये उरलेत, ते पुढच्या वेळी वापरू.

पण लिहायला बसले ते या हिशेबासाठी नाही. डब्यातून अकरावी चिठ्ठी निघाली ती एका एकोणीस वर्षांच्या मुलीची. माइकपुढे पहिल्यांदाच उभी राहत होती. मोबाइल दोन्ही हातांत धरलेला, अंगठा त्याच्या कडेवर इतका दाबलेला की नख पांढरं पडलं होतं. "मे महिना. छतावर आजी" एवढं म्हणाली आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "गच्ची म्हण, गच्ची! छत घराच्या आत असतं." चार जण हसले. मुलीनं वर पाहिलं, परत मोबाइलमध्ये पाहिलं, पण ओळ काही सापडेना. "सॉरी" म्हणाली आणि जाऊन बसली. आणि बारावी चिठ्ठी मी उघडली. थांबले नाही, तिला परत बोलावलं नाही. हे तीन दिवस माझ्या मनाला लागून राहिलंय. चूक सूत्रसंचालकाची, म्हणजे माझी.

वाचणाऱ्याला मधे टोकायचं नाही असा नियम करावा असं मला वाटतं. तुमचं काय म्हणणं आहे ते मोकळेपणानं लिहा.

रामबागेहून, गुरुवार सकाळ

चि. ताईस आशीर्वाद.

तो आवाज माझा होता. तू नाव घातलं नाहीस हा तुझा चांगुलपणा, पण मला लपवायचं काही नाही. पोरीला हसण्यासाठी मी बोललो नाही. तिचा विरस झाला याचं मला वाईट वाटतं. शब्दाबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

माझं ऐकून घ्या. 1961 साली वडिलांचं बोट धरून मी ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाला गेलो होतो. चौदा वर्षांचा होतो. कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. मला कळलं थोडंच, पण हजारो माणसं मराठी ऐकायला बसलेली मी पाहिली, तीही महाराष्ट्राच्या बाहेर. आज माझ्या तीन नातवंडांपैकी एकालाही मराठी लिहिता येत नाही. अक्षर देवनागरी, पण भाषा हिंदी. घरात "पाणी पिऊन घे", "मी जाऊन राहिलो" हेच कानावर येतं. मी घरी बोलत नाही, सुनेला राग येईल म्हणून. आठवड्यातले ते अडीच तास तरी नीट मराठीचे असावेत, एवढीच माझी अपेक्षा.

आणि हा काही माझ्या एकट्याचा हट्ट नाही. माधव जूलियनांचं उदाहरण घ्या. जन्म बडोद्याचा, फार्सीचे प्राध्यापक, 1925 साली फार्सी-मराठी कोश करणारा माणूस. मराठीत गझल रुजवली ती त्यांनी. फार्सी शब्दांची एवढी आवड असणारा कवी पुढे भाषाशुद्धीकडे वळला आणि 1938 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना जे शेवटी जाणवलं ते आपण आधीच का जाणू नये?

छत खालून दिसतं. वर असते ती गच्ची. आजी छतावर कशी बसेल?

टोरांटोहून, गुरुवार

अण्णांना सा. न.

मी स्नेहलतागंजात वाढले. आमच्या घरी छतच होतं. पतंग छतावरून उडवायची, उन्हाळ्यात गाद्या छतावर घालायच्या, आई ओरडायची तीही "छतावरून खाली ये" असंच. गच्ची हा शब्द मला पाठ्यपुस्तकातून कळला.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मंडळाच्या दिवाळीत मी कुणाला तरी "मी येऊनच राहिले होते" म्हटलं आणि टेबलाभोवतीची माणसं हसली. वाईट हेतूनं नाही हसली. पण त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी मंडळात मराठी बोलले नाही, इंग्रजीच बोलत होते. अण्णा, तुम्हाला जी भीती वाटते ना, मराठी जाण्याची, ती माझ्या बाबतीत अशा हसण्यामुळे खरी होता होता राहिली.

तुमचे सहा म्हणजे सध्या आमचे सकाळचे साडेआठ. पुढच्या वेळी व्हिडिओवरून मला पाच मिनिटं द्याल का? माझा मुलगाही वाचेल म्हणतो. त्याच्या कवितेत "स्नो" आहे. त्याला हिम म्हणायला मी सांगणार नाही, कारण त्यानं जे फावड्यानं उपसलंय ते स्नोच आहे.

राजेंद्रनगरहून, गुरुवार रात्र

शब्दांचं तुम्ही बघा. माझी तक्रार वेळेची. पाच मिनिटं ठरलेली असताना एकांनी बावीस मिनिटं घेतली, त्यातली नऊ कविता कशी सुचली ते सांगण्यात गेली. आणि स्वतःचं वाचून झालं की लोक छत्री उचलून निघतात. तेराव्या चिठ्ठीला मी खुर्च्या मोजल्या, अकरा माणसं होती. ती मुलगी मात्र शेवटपर्यंत बसून होती, हे लिहावंसं वाटलं.

सुदामानगरहून, शुक्रवार

अण्णांना नमस्कार, आणि सगळ्यांना.

अण्णा, तुमचं पत्र तीनदा वाचलं. नातवंडांचं लिहिलंत तिथे माझेही डोळे भरले, माझ्या घरीही तेच आहे. पण म्हणूनच मला तुमचं पटत नाही, आणि ते आडवळणानं न सांगता सरळ सांगते.

आपल्या या मुलखातली मराठी कधीच एकटी राहिलेली नाही. मुक्तिबोध बंधूंचंच बघा. घर मराठी. थोरले गजानन माधव 1917 साली श्योपूरला जन्मले, आपल्या होळकर कॉलेजातून 1938 साली बी. ए. झाले आणि हिंदीतले एवढे मोठे कवी झाले. धाकटे शरच्चंद्र 1921 साली इथे इंदुरात जन्मले आणि मराठीत लिहिते झाले. एका आईच्या हातचं जेवलेली दोन मुलं, दोन भाषांत. त्या घरातल्या जेवणाच्या पाटावर कुठली भाषा कुठे संपत असेल? कवी भा. रा. तांब्यांचंही तसंच. जन्म मुंगावलीचा, शिक्षण झाशी-देवासचं, पुढे ग्वाल्हेरचे राजकवी, 1941 साली गेले तेही ग्वाल्हेरातच. त्यांच्या कवितांखाली राग, ताल, गाव नोंदलेलं असतं. ते गाणं कानावर पडलं ते इकडचं. पुण्यात वाढले असते तर तांबे तसे तांबे झाले नसते, असं मी मनापासून मानते. आणि नामदेवांची 61 पदं ग्रंथसाहेबात आहेत, ती काही पंढरपूरच्या मराठीत नाहीत.

माधव जूलियनांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पण अण्णा, ते फार्सी शिकले, शिकवली, कोश केला, गझला लिहिल्या, आणि हे सगळं झाल्यावर चाळिशीत त्या मताला पोहोचले. त्या मुलीची ही पहिली कविता आहे. तिला आधी लिहू तर द्या. तिच्या हातून दहा-वीस कविता होऊ द्या, मग कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला सोडायचा ते तिचं तिला उमगेल, आणि तेव्हा ती तुमच्याकडेच विचारायला येईल. परवा पळवून लावलं तर येणार नाही.

आता ऐकण्याबद्दल, कारण मला खरी काळजी त्याची आहे. काव्यवाचन म्हणजे वाचणाऱ्याचाच कार्यक्रम असं आपण धरून चाललोय. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ जमलं, तेव्हा यशवंत, गिरीश, माधव जूलियन ही मंडळी कविता गाऊन लोकांपुढे नेऊ लागली. पुढे विंदा करंदीकर, बापट आणि पाडगावकर तिघं मिळून गावोगाव गेले, तेव्हा गाणं मागे पडलं आणि बोलणं पुढे आलं. पद्धत बदलली, पण दोन्ही वेळा समोर माणसं कान देऊन बसली होती. आपल्या शहरात तर ऐकण्याची शाळाच आहे. राहत इंदौरी याच गावचे. मुशायऱ्यात शायर पहिली ओळ म्हणतो आणि थांबतो. लोक ती उचलतात, तो परत म्हणतो, मग दुसरी ओळ येते. पहिली ओळ दोनदा म्हणण्यात मोठेपणा मिरवायचा नसतो, ऐकणाऱ्याला ओळ धरायला वेळ मिळतो आणि म्हणणाऱ्याला श्वास. आपल्याकडे त्या मुलीला अर्ध्या ओळीवर गच्ची ऐकू आली. तिची ओळ आपण धरलीच नाही.

1990 च्या सुमारास माझ्या सासूबाई अशाच एका घरगुती बैठकीत ओव्या म्हणायच्या. त्यात मधूनच माळवी शब्द यायचे. कुणी टोकलं नाही. त्या गेल्या तेव्हा ओव्यांची वही शोधली, वही नव्हतीच. सगळं तोंडी होतं. आता मला त्यातल्या दीड ओव्या आठवतात. चुकीच्या शब्दांसकट त्या सगळ्या मिळाल्या असत्या तर काय वाटेल ते दिलं असतं मी.

तर पुढच्या रविवारपासून असं करू या. वाचणारा उभा असताना कुणी बोलायचं नाही, दाद सोडून. पहिली ओळ दोनदा म्हणायची, मुशायऱ्यासारखी. कविता कशी सुचली ते चहाच्या वेळी सांगायचं, माइकवर नाही. माइक तोंडापासून वीतभर लांब धरायचा, परवा निम्म्या जणांचं "प" आणि "फ" नुसतं फुटत होतं. ज्यांना मध्येच जायचंय त्यांनी चिठ्ठीवर आधी लिहावं, त्यांना सुरुवातीला घेऊ, पण खरा मान शेवटपर्यंत बसणाऱ्यांचा. शब्दांबद्दल ज्यांना बोलायचंय त्यांच्यासाठी शेवटची पंधरा मिनिटं ठेवू, आणि ती अण्णांनी चालवावीत ही माझी विनंती आहे. शब्दाचं एवढं प्रेम असलेला माणूस आपल्यात दुसरा नाही. फक्त त्यासाठी शेवटपर्यंत थांबावं लागेल अण्णा, साडेआठची बस सोडून. मी घरी सोडीन.

टोरांटोला पाच अधिक पाच मिनिटं दिली.

रामबागेहून, शनिवार पहाटे

चि. ताई,

झोप लागेना म्हणून रात्री वडिलांचा जुना कोश काढला. गच्ची पाहिली. गच म्हणजे चुन्याचा गिलावा, त्यावरून गच्ची. आणि गच हा शब्द फार्सीतून आलेला. छत मात्र छत्राच्या कुळातलं, म्हणजे आपल्याच घरचं. मी त्या पोरीला फार्सी शब्दासाठी घरचा शब्द सोडायला सांगत होतो. साठ वर्षं मी गच्ची म्हणतोय आणि कोश उघडून पाहिला नव्हता.

एवढ्यावरून मी सगळं मान्य केलं असं समजू नकोस. "पिऊन घे" मला अजूनही खुपतं आणि खुपत राहील. पण मधे बोललो ते चुकलंच. पोरी, तू ही पत्रं वाचत असशील तर, मी तुझी कविता पहिल्या तीन शब्दांपलीकडे ऐकली नाही. ती मला ऐकायची आहे. येशील का?

पंधरा मिनिटांचं काम घेतो. बसची काळजी करू नकोस, मुलगा न्यायला येईल.

रविवारी अर्ध्यावर बसलेली, शनिवार दुपार

अण्णा आजोबा आणि सगळ्यांना नमस्कार.

मी लिस्टवर आहे हे कुणाला माहीत नव्हतं, आईच्या मेलवरून वाचत होते. उद्या येणार आहे. तरी कविता इथे आधी पाठवते, म्हणजे माइकपुढे परत अडले तर कुणीतरी पुढची ओळ सांगेल.

मे महिना. छतावर आजी
जुनी साडी पसरते, चारही टोकांना विटा ठेवते.
उडदाचे पापड, ओळीनं, एकमेकांना न शिवता.
कावळ्यांसाठी काळी छत्री उघडून ठेवते
आणि स्वतः उन्हात बसते.

मी जिन्यातून विचारते, आजी, काय करून राहिलीस?
ती म्हणते, ऊन उलटून राहिले.

ते घर विकलं. आता आत्याकडे, पुण्यात, नवव्या मजल्यावर.
तिथे गच्ची आहे, आणि गच्चीच्या दारावर पाटी:
येथे वाळवण घालू नये.
मे महिन्यात आजी ती पाटी वाचून परत येते.
आत्याला म्हणते, तुमच्या छताला कुलूप का गं?

अण्णा आजोबा, "वाळवण" मी आजीला फोन करून विचारलं. आधी "सुखवण" लिहिलं होतं. "उन्हात उलटून" असं हवं की नुसतं "ऊन उलटून", ते मला उद्या शेवटच्या पंधरा मिनिटांत विचारायचं आहे. मला वाटतं आजी पापड उलटत होती, पण म्हणाली ऊनच.

काकू, माझी चिठ्ठी डब्यात टाका. मी आधी जाणाऱ्यांत नाही.