गावच्या वाचनालयात विनामूल्य संगणक कक्ष सुरू करावा का?

वाचनालयाचा कार्यवाह
आमच्या वाचनालयाची मागची खोली जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांनी भरली आहे. ती रिकामी करून तेथे चार संगणक, एक प्रिंटर आणि इंटरनेट जोडणी असलेला, सर्वांना विनामूल्य खुला असा कक्ष सुरू करावा, असा माझा प्रस्ताव आहे. 2025 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा शेजारच्या काकू सलग तीन दिवस माझ्याकडे येत होत्या. या ओळख-पडताळणीत पतीच्या आधारवरचा ओटीपीही लागे आणि त्यांच्या पतीच्या आधारला जोडलेला नंबर पुण्यातल्या मुलाकडे होता. मुलगा कामाच्या पाळीत फोन घेत नसे आणि तो ओटीपी सांगेपर्यंत त्याची मुदत टळून जाई. त्याच वर्षी अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. कामे पडद्यावर गेली आहेत, पण तो पडदा निवांत बसून वापरता येईल अशी जागा गावात नाही.

वारणाकाठचा ऊसकरी
हेतू चांगला असला तरी मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे. 1998 मध्ये आमच्या वारणा खोऱ्यातील सुमारे सत्तर गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. बाजारभाव, शिक्षण, सरकारी माहिती असे बरेच काही त्यातून मिळणार होते. प्रत्यक्षात मुख्य वापर उरला तो उसाच्या हिशेबाचा. पुढे काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिले, तर ते कमी खर्चात झाले. आज घरोघरी फोन आहे, आपले सरकार सेवा केंद्रही आहे. मग वर्गणीचा पैसा यंत्रांत का अडकवावा?

निवृत्त शिक्षिका
दादा, वारणेचा दाखला मला तुमच्या बाजूचा वाटत नाही. उसाचे वजन आणि बिल ही शेतकऱ्याची रोजची निकड होती, म्हणून ती माहिती मोबाइलवरही तितकीच चालली. निकड आधी ओळखावी लागते, हा त्यातला धडा आहे. सेवा केंद्रात काम करून मिळते, शिकवून मिळत नाही. माझ्या भाचीचा अकरावीचा अर्ज एका दुकानात भरला गेला आणि लॉगिनचा पासवर्ड दुकानदाराकडेच राहिला. पसंतीक्रम बदलण्याच्या शेवटच्या दिवशी दुकान बंद होते. ती मुलगी पायरीवर बसून रडत होती. तिला हवे होते ते शेजारी बसून ‘आता येथे दाब, हा पासवर्ड तुझ्या वहीत लिही’ असे सांगणारे माणूस. कार्यवाहांच्या प्रस्तावात यंत्रे मोजली आहेत, हे माणूस मात्र कोठेच नाही, ही माझीही तक्रार आहे.

वारणाकाठचा ऊसकरी
ताई, माणसाचा मुद्दा मान्य. पण त्याला मानधन कोण देणार? वाचनालयाला वर्गवारीनुसार मिळणाऱ्या सरकारी अनुदानात ग्रंथपालाचेच भागत नाही. शिवाय सामायिक संगणकावर कोणाचे आधार कार्ड, कोणाचे बँक पासबुक उघडे राहिले, तर जबाबदारी कोणाची?

वाचनालयाचा कार्यवाह
दोन्ही आक्षेप रास्त आहेत, म्हणून प्रस्ताव बदलतो. चारऐवजी दोनच संगणक घेऊ आणि उरलेल्या रकमेतून संध्याकाळचे तीन तास बसणाऱ्या एका पदवीधर मुलीला वर्षभराचे मानधन देऊ. प्रत्येकाचे काम संपताच लॉगआउट करून उतरवलेली कागदपत्रे त्याच्यासमोर पुसली जातील. लोक कशासाठी आले, याची नोंद नावाशिवाय वहीत ठेवू. सहा महिन्यांनी ती वही सभेपुढे येईल; वापर दिसला नाही, तर खोली पुन्हा मासिकांना देण्याचा ठराव मी स्वतः मांडेन.