ज्यांच्या कानावर येशूचं नावच गेलं नाही, त्यांचं काय?

आडवाट
माझं मत आधीच सांगते. शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, ज्याच्यापर्यंत पोचलंच नाही, त्याला नरकात धाडणारा देव मला न्यायी वाटत नाही. १४४२ साली कॅथलिक चर्चच्या फ्लॉरेन्स परिषदेने ठरवलं की यहुदी, पाखंडी, मूर्तिपूजक कुणीही असो, मरणाआधी चर्चमध्ये आला नाही तर सार्वकालिक अग्नीत जाणार. १९६४ मध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद म्हणाली की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त ठाऊक नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला जागतात, त्यांनाही तारण (पापातून सुटका) मिळू शकतं. मधल्या काळात देव बदलला का?

रोखठोक
परिषदा तुमच्या कॅथलिकांच्या, आम्हा प्रॉटेस्टंटांना त्यांचं ओझं नाही. बायबलात योहान १४:६ वाचा, येशू म्हणतो: "माझ्या द्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही." शिवाय माणूस दोषी ठरतो तो पापामुळे, ऐकलं नाही म्हणून नव्हे. बुडणारा पाण्यामुळे मरतो, दोरी मिळाली नाही म्हणून नाही.

आडवाट
दोरी टाकणारा सर्वशक्तिमान असेल तर हा हिशेब चालत नाही. (आणि मी कॅथलिक नाही.)

साधा_वाचक
दोघंही मत्तय २५ विसरलात. तिथे न्यायाच्या दिवशी मेंढरं आणि शेरडं वेगळी होतात ती भुकेल्याला खायला दिलं का, तुरुंगातल्याला भेटलात का, यावर. गंमत म्हणजे नीतिमानही विचारतात, "प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?" म्हणजे भुकेल्याच्या रूपात ज्याची सेवा केली, त्याला त्यांनी ओळखलंही नव्हतं!

रोखठोक
म्हणजे कर्मांनी तारण? माणूस कर्मांनी नव्हे, विश्वासाने नीतिमान ठरतो, हे रोमकरांस ३:२८ फाडून टाका मग. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या त्या गुन्हेगाराकडे कुठली सत्कर्मं होती? ना बाप्तिस्मा, ना दानधर्म. तरी त्याला "आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे ऐकायला मिळालं, कारण तो येशूकडे वळला.

साधा_वाचक
याकोब २:२४ पण फाडायचं का? तिथे तर "केवळ विश्वासाने नाही" असंच लिहिलंय. असो, या भांडणावर लुथरन (प्रॉटेस्टंटांचा एक पंथ) आणि कॅथलिकांनी १९९९ मध्ये संयुक्त घोषणापत्र काढलंय, याच वादाने चर्च दुभंगलं त्या सोळाव्या शतकात आपण पुन्हा नको जायला.

आडवाट
रोखठोक, प्रॉटेस्टंटांचंच घ्या. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात, म्हणजे प्रॉटेस्टंट श्रद्धेच्या लेखी मांडणीत, देवाने निवडलेली तान्ही मुलं वचन न ऐकताही तारली जातात. म्हणजे न ऐकता तारण शक्य आहे, हे तुमच्याच कडव्या मंडळींनी मान्य केलं.

रोखठोक
पुढचं कलम का गाळलंत? ख्रिस्ती धर्म न स्वीकारणारे कितीही सचोटीने जगले तरी तारले जात नाहीत, असं तिथेच आहे. तान्ह्याला समजूच शकत नाही, प्रौढाला समजू शकतं.

आडवाट
समजू शकतं, पण कुणी सांगितलंच नाही. दोष कुणाचा?

रोखठोक
सांगायला न गेलेल्यांचा. "घोषणा करणाऱ्यावाचून ते कसे ऐकतील?" हे रोमकरांस १०:१४ मध्ये आहेच, म्हणून तर मिशनरी जातात.

आडवाट
गेले नाहीत ते, आणि शिक्षा ज्याला कुणी सांगितलंच नाही त्याला?