शब्दचर्चा: 'निष्ठा', 'कल' आणि 'तरुण'

वेलांटी: 'तरुण पुरुषांच्या राजकीय निष्ठा का बदलत आहेत' या विषयावरचा लेख तपासतेय. 'निष्ठा' हा शब्द खटकतोय. 'बांधिलकी' चालेल का? की सरळ 'कल'?

हलन्त: बांधिलकी नको, ती विचाराशी किंवा कामाशी असते. निष्ठा पक्षावर, नेत्यावर असते खरी; पण 'निष्ठावंत' म्हटलं की तिकीट कापलं तरी सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता डोळ्यांपुढे येतो. जेमतेम दुसऱ्यांदा मत देणाऱ्या पोराची कसली आलीय निष्ठा? दक्षिण कोरियाचंच बघा. मार्च २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत, मतदानोत्तर चाचणीनुसार, विशीतले साधारण ५८ टक्के पुरुष उजव्या युन सुक-योल यांच्या पाठीशी होते. २०२५ मध्ये ती मतं युन यांच्या पक्षाकडे टिकली नाहीत. ३७ टक्क्यांच्या आसपास वाटा त्या पक्षातून बाहेर पडलेल्या ली जुन-सोक यांनी नेला. निष्ठा बदलायला आधी ती जडावी तरी लागते. 'कल' घ्या.

उकार: 'कल' फार मवाळ. मतमोजणीला सकाळी येतो, दुपारी फिरतो. इथे मागे एक सल आहे. कोरियात सुमारे दीड वर्षाची सक्तीची लष्करी सेवा फक्त पुरुषांना. ते परत येईपर्यंत बरोबरीच्या मुली पुढे निघून गेलेल्या असतात, अशी त्यांची तक्रार. सरकारी नोकरीच्या परीक्षेत या सेवेचे जे जादा गुण मिळायचे, तेही १९९९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने रद्द केले. (निकाल योग्यच होता असं मला वाटतं, पण सल राहिलीच.) युन यांनी स्त्री-पुरुष समानता मंत्रालय बंद करण्याचं आश्वासन दिलं, ते नेमकं या दुखऱ्या जागी बोट ठेवून. मी 'पाठ फिरवली' असं लिहीन. त्यात राग येतो.

वेलांटी: कुणाकडे पाठ फिरवली? 'डाव्यांकडे'?

उकार: लेखात कोणकोणते देश आहेत त्यावर. सरसकट 'डाव्यांकडे' नको.

हलन्त: 'पाठ फिरवली' मान्य. पण खरी मेख 'तरुण' या शब्दात आहे. शीर्षकात 'तरुण पुरुष' आणि आत सगळीकडे 'तरुणांचा', 'तरुणाई' असं असेल तर घोळ होणार. 'तरुण' आणि 'तरुणी' वेगळे, पण 'तरुणांचा' म्हटलं की वाचक मुलींनाही त्यात धरतो. आणि गंमत अशी, की कोरियाच्या २०२२ च्या त्याच चाचणीत विशीतल्या स्त्रियाही ५८ टक्केच, पण विरुद्ध बाजूच्या ली जे-म्योंग यांच्याकडे! जर्मनीत फेब्रुवारी २०२५ च्या संसदीय निवडणुकीत पंचविशीच्या आतल्या मुलींत डावा 'दी लिंके' पक्ष पहिला, मुलांत कडवा उजवा एएफडी. 'तरुणाई उजवीकडे' असा मथळा मी अलीकडेच वाचला. निम्म्या पिढीबद्दल तो धडधडीत खोटा आहे.

उकार: मग 'तरुण मुलगे' लिहा. कानाला बरं वाटतं.

हलन्त: मतदारांना 'मुलगे'? शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे वाटतात. 'विशीतले पुरुष' म्हणा.

वेलांटी: 'विशीतले' आवडलं, पण लेखातला गट १८ ते २९ चा आहे.

हलन्त: मग 'तिशीच्या आतले पुरुष'.