ड्रायव्हरआधी डोंगलची जागा बघा
वायफाय डोंगल (यूएसबीला लावायचं छोटं वायफाय उपकरण) नीट चालत नसेल तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, पुन्हा टाका, असा सल्ला दिला जातो. फर्मवेअर (डोंगलच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) सापडत नसेल तेव्हा तो बरोबरच आहे. पण नेटवर्क जोडलं जाऊन मधेच तुटत असेल, तर आधी डोंगल कुठल्या पोर्टात आहे ते बघा. यूएसबी ३.० च्या पोर्ट-केबलमधून निघणारा रेडिओ गोंगाट नेमका वायफायच्या २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. इंटेलनं २०१२ मध्येच हे दाखवलंय.

इथे बडोद्यात, दांडिया बाजारात मामांच्या उबंटू (लिनक्स) संगणकावर अगदी हेच व्हायचं. शेजारच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या, पोर्टात हार्डडिस्क लावून बॅकअप सुरू केला की वायफाय गेलंच, आणि सिग्नलच्या दांड्या मात्र पूर्ण! डोंगल साध्या यूएसबी एक्स्टेन्शननं टेबलाच्या कडेला आणल्यावर बॅकअप चालू असतानाही नेट टिकलं. राउटर ५ गीगाहर्ट्झ देत असेल आणि डोंगलला ते चालत असेल, तर हा त्रास तिथे नाही.