नॉर्दम-पेरिएलो: मतदान पाहिलं तर फरक दिसतो

"अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या २०१७ च्या प्रायमरीत (गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) राल्फ नॉर्दम आणि टॉम पेरिएलो दोघेही गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे, तेव्हा या मुद्द्यावर निवडण्यासारखं काही नव्हतं" हे म्हणणं मला पटलं नाही. भाषणं सारखी होती, मान्य. पण पेरिएलो अमेरिकेच्या संसदेत (काँग्रेसमध्ये) असताना नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांनी आरोग्य विम्याच्या विधेयकावरच्या स्टुपॅक दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं होतं. म्हणजे सरकारी अनुदानातून हप्ता भरल्या जाणाऱ्या विम्यात, बलात्कारासारखे मोजके अपवाद सोडले, तर गर्भपाताचा खर्च धरायचाच नाही. गव्हर्नरपदाच्या शर्यतीत उतरल्यावर त्यांनी त्या मताबद्दल माफी मागितली. माफी खरी असेलही, पण ती उमेदवारीच्या मुहूर्तावर आली.

नॉर्दम तेव्हा राज्याच्या सिनेटमध्ये होते, पेशाने मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट. २०१२ मध्ये गर्भपाताआधी सोनोग्राफी सक्तीची करणारं विधेयक आलं. सुरुवातीच्या आठवड्यांत पोटावरून नीट दिसत नाही, त्यामुळे मूळ मसुद्याप्रमाणे बऱ्याच बायकांची तपासणी योनीमार्गे प्रोब आत घालूनच करावी लागली असती, गरज असो वा नसो. नॉर्दमनी त्याला उघड विरोध केला. आरडाओरडा झाल्यावर पोटावरच्या सोनोग्राफीपुरती सक्ती ठेवून कायदा झालाच.

गर्भपात हक्कवाल्या नॅरल संघटनेच्या व्हर्जिनिया शाखेने पाठिंबा नॉर्दमना दिला होता. पुढे गव्हर्नर म्हणून एप्रिल २०२० मध्ये ती सोनोग्राफीची सक्ती आणि गर्भपाताआधी २४ तास थांबण्याची अट रद्द करणाऱ्या कायद्यावर सही त्यांनीच केली.