उपाशीपोटी एआरटीची गोळी: ऊसतोडीला गेलेल्या स्तनदा मातेला काय सांगावे?

प्रश्न: आशा स्वयंसेविका, बीड जिल्हा

नमस्कार. माझ्या कार्यक्षेत्रातील एका एचआयव्हीबाधित मातेबद्दल मार्गदर्शन हवे आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील वगळले आहेत. तिचे बाळ चार महिन्यांचे असून ती त्याला फक्त अंगावर पाजते. तिला टीएलडी ही एआरटीची, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या उपचाराची, तीन औषधे एकत्र असलेली गोळी सुरू आहे. सध्या ती ऊसतोडीसाठी कुटुंबासह साखर कारखान्याच्या हद्दीत कोपीवर (मजुरांच्या झोपड्यांत) राहते, पहाटे तीनला उठून सगळ्यांच्या भाकरी थापते, गाडी भरायला जाते आणि तिच्या पोटात पहिला घास जातो तो उसाच्या फडात, अकराच्या सुमारास. आठवड्याचा बाजार वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून होतो. वाढे विकले गेले नाहीत तर त्या आठवड्यात डाळ नसते आणि रात्रीची भाकरी नवरा व मुले जेवल्यावर उरली तरच तिला मिळते.

'गोळी जेवून घ्यायची' असे कोणीतरी पूर्वी सांगितल्यामुळे, जेवण नसेल त्या रात्री ती गोळीच घेत नाही, हे फोनवर बोलताना कळले. वजनही उतरले आहे. दूध पुरत नाही असे म्हणून सासूबाई बाळाला वरचे दूध सुरू करा म्हणतात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही तिच्याकडे आहेत. मी तिला नेमके काय सांगावे?

उत्तर १: औषधनिर्माता, एआरटी केंद्र

ताई, सर्वांत आधी आजच फोन करून सांगा की टीएलडी उपाशीपोटीही घेता येते. जेवण झाले नाही म्हणून गोळी चुकवण्याचे कारण नाही, आणि स्तनपान सुरू असताना ती चुकणे बाळासाठीही धोक्याचे आहे. औषधे खंडित झाली की आईच्या रक्तातला विषाणू वाढतो आणि दुधातून संसर्ग होण्याची शक्यताही त्याबरोबर वाढते.

जेवणाचा खरा संबंध येतो तो कॅल्शियम आणि लोहामुळे. टीएलडीमधील डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध या दोन्हींशी पोटात बांधले जाते आणि मग ते शरीरात पुरेसे शोषले जात नाही. पोटभर जेवणासोबत घेतल्यास हा परिणाम टळतो. मात्र उपाशीपोटी घ्यायची वेळ आली तर टीएलडी या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. म्हणजे जिच्या घरी रात्रीचे जेवण ठरलेले आहे तिला कसलाच विचार करावा लागत नाही आणि जिच्या ताटाचा भरवसा नाही तिने मात्र घड्याळ सांभाळायचे. केंद्रावर रांग मोठी असते आणि हा फरक समजावून सांगायचे राहून जाते, याची मला स्वतःला खंत वाटते.

व्यवहारात असे करता येईल: कॅल्शियमची पहिली गोळी फडातल्या भाकरीबरोबर, लोहाची गोळी दुपारी दोन-तीनच्या आत आणि टीएलडी रात्री नऊला. रात्रीची कॅल्शियमची गोळी जेवण झाले असेल तरच. जेवण नसेल तर त्या रात्री फक्त टीएलडी. चुकलेल्या गोळ्यांविषयी तिने केंद्रावर न घाबरता सांगावे, कारण त्यावरून व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची) तपासणी आणि बाळाचे प्रतिबंधक औषध ठरवावे लागते. जवळच्या एआरटी केंद्रातून औषधे मिळण्याची सोय तिच्या मूळ केंद्राशी बोलून करून घ्या.

उत्तर २: डॉक्टर, सामुदायिक आरोग्य

वरील उत्तराशी सहमत आहे, पण गोळी उपाशीपोटी चालते म्हणून आईचे उपाशी राहणे चालेल असा अर्थ कोणी काढू नये. लक्षणे नसली तरी एचआयव्हीमुळे शरीराची ऊर्जेची गरज सुमारे १० टक्क्यांनी वाढते. आजार उद्भवल्यास ती २० ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. स्तनपानासाठी पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात, आणि त्यावर ऊसतोडीचे श्रम आहेत. ही सगळी तूट शरीर स्वतःच्या चरबीतून आणि स्नायूंतून भरून काढते.

त्यामुळेच सासूबाईंची समजूत बदलणे महत्त्वाचे आहे. आई अर्धपोटी असली तरी बाळापुरते दूध बहुधा येत राहते. झिजते ती आई. सहा महिन्यांच्या आत वरचे दूध किंवा पाणी दिल्यास बाळाच्या आतड्याच्या अस्तराला इजा होऊन संसर्गाचा धोका वाढतो, शिवाय कोपीवरच्या पाण्याने जुलाब होतील ते वेगळेच. वाढीव अन्न द्यायचेच असेल तर ते बाळाला नको, आईला द्या.

एक गोष्ट मात्र कृपया अजिबात लांबवू नका. वजन उतरण्याचे कारण भूक आहे असे गृहीत धरू नये. एचआयव्हीबाधित व्यक्तीमध्ये खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्री घाम येणे यांपैकी एक जरी लक्षण असले तरी क्षयरोगाची तपासणी करावी लागते. कुपोषणामुळे क्षयरोग बळावतो आणि क्षयरोगामुळे अंगावरचे उरलेले मांसही जाते, त्यामुळे दोन्ही शक्यता एकाच वेळी खऱ्या असू शकतात. खाडा पडेल म्हणून ती दवाखान्यात जायचे टाळेल. मुकादमाशी तिच्या नवऱ्याने बोलावे, आजाराचे नाव सांगण्याची गरज नाही.

उत्तर ३: रेशन हक्कांवर काम करणारी कार्यकर्ती

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार तिला प्रसूतीनंतर सहा महिने अंगणवाडीतून पोषण आहार मिळायला हवा. तो स्तनदा माता म्हणून मिळतो, तेथे एचआयव्हीचा उल्लेख करावा लागत नाही. ती आता गावात नाही म्हणून कामाच्या ठिकाणच्या अंगणवाडीत नाव घालायला लावा. बाळ चार महिन्यांचे आहे, म्हणजे हातात दोनच महिने आहेत. माझ्या मते कायद्याची ही मुदतच अपुरी आहे, कारण एचआयव्हीबाधित मातांनी औषधे घेत किमान वर्षभर स्तनपान करावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि सातव्या महिन्यापासून आईचा वाटा मात्र बंद होतो.

रेशनकार्ड गावचे असले तरी कारखान्याजवळच्या दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येते. म्हातारी माणसे गावी असतील तर त्यांच्यापुरते तिकडे आणि उरलेले इकडे असेही घेता येते. दुकानदार नाही म्हणाला तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही एचआयव्हीबाधित व्यक्ती बसतात. महिन्याला १,५०० रुपये मिळतात आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. तेथे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, त्यामुळे अर्ज करायचा की नाही हे तिलाच ठरवू द्या. तिच्या लेखी संमतीशिवाय तिची स्थिती कोणालाही सांगणे २०१७ च्या एचआयव्ही/एड्स कायद्याने मना आहे. कोपीवर सगळ्यांच्या भिंती पाचटाच्या आणि एकमेकींना लागून असतात, तेव्हा फोनवर बोलतानाही आधी ती एकटी आहे का हे विचारा.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. ती संध्याकाळी पाणी आणायला एकटी जाते, तेव्हा फोन करते आणि टीएलडीचे व क्षयरोग तपासणीचे आधी सांगते. अंगणवाडीसाठी तेथील सेविकेचा नंबर पर्यवेक्षिकेकडे मागितला आहे.