कासचा सडा आणि वासोट्याचं रान एकाच फेरीत जमेल का?

कृष्णाकाठ
आम्ही चौघं आहोत. दोघं चाळिशीतले, एक दहा वर्षांची मुलगी आणि बासष्ट वर्षांचे वडील (रोज पाच-सहा किलोमीटर चालतात, गुडघे ठीक). सांगलीहून स्वतःच्या गाडीने येणार, दोन रात्री कोयनेच्या जलाशयाकाठी बामणोलीत मुक्काम. पहिल्या दिवशी कासच्या सड्यावर फुलं आणि दुसऱ्या दिवशी लाँचने वासोटा किल्ला, असा बेत आहे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा बरा की ऑक्टोबरचा पहिला? वाट, पाणी, बूट, जळवा, परवानगी याबद्दल नेमकं सांगा. ‘भारी आहे, डोळे झाकून जा’ एवढं ठाऊक आहे.

सडेफटिंग
वासोट्यापुरत्या दोन्ही तारखा बाद. तो कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो आणि साधारण ऑक्टोबरच्या मध्याला उघडतो. नेमकी तारीख वनखातं ठरवतं. लाँचवाल्याने ‘या हो, सोडतो’ म्हटलं तरी चौकीवरून परत पाठवतील.

कासचं गणित उलटं आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार, वर माती कुठे दोन बोटं, कुठे वीतभर. खाली कातळ असल्याने पावसाचं पाणी वरच साचतं आणि त्या ओलीवरच सगळा बहर चालतो. पाऊस थांबून ऊन तापलं की एवढी माती काही दिवसांत कोरडी पडते आणि फुलं संपतात. म्हणून रान उघडतं तेव्हा सडा उतरणीला लागलेला असतो. दोन्ही ऐन भरात एका फेरीत मिळत नाहीत, काय हवं ते आधी ठरवा.

फुलांसाठी यायचं तर सप्टेंबरचा मधला किंवा तिसरा आठवडा, तोही सोमवार ते शुक्रवार. तेव्हा गेंद, तेरडा आणि सीतेची आसवे सोबत मिळतात. सोनकी आणि कवला (ज्याला सगळे मिकी माऊस म्हणतात) जरा मागून येतात. वायतुरा पाहायचा असेल तर साचलेल्या पाण्यात बघा, कोरड्यावर नाही. सीतेची आसवे निळीजांभळी, नखाएवढी. मातीत नत्र फार कमी असल्यामुळे ती बारीक जीव पकडून खाते. मुलीला गुडघ्यावर बसवून भिंगातून दाखवा, दहा रुपयांचं भिंग पुरतं.

दिवसाला ठरावीक लोकांनाच सोडतात, ऑनलाइन नोंदणी करून या. शनिवार-रविवारी गाडी लांब लावावी लागते. सड्यावर आखलेल्या वाटेबाहेर पाय नको. फोटोसाठी एकजण आत गेला की मागून दहा जातात आणि तेवढा पट्टा दाबून घट्ट होतो. तिथे पुढच्या वर्षी नुसतं गवत.

चालायचंच असेल तर कासवरून राजमार्ग नावाच्या जुन्या वाटेने कुमुदिनी तलावाकडे जा. वाट जवळजवळ सपाट आहे, वडिलांना सोपी. धुक्यात मात्र सड्यावर खूण म्हणून काहीच राहत नाही. मळलेली वाट सुटली तर जागेवर थांबा, धुकं हलू द्या. कड्याच्या बाजूला कारवी इतकी दाट असते की तिच्यापलीकडे जमीन आहे की दरी, ते कळत नाही.

पाटणची_वाट
एवढं कशाला? ऑक्टोबरचा तिसरा आठवडा धरा, दोन्ही होतं.

सडेफटिंग
होतं, पण कासला तोवर पिवळं गवत आणि उरलीसुरली फुलं. पाऊस लांबला तर थोडं जास्त मिळेल. सांगलीहून फक्त फुलांसाठी येणाऱ्याला हे सांगून बोलावणं बरं नाही.

जावळीकर
वासोट्याचं सांगतो. तुमच्या घरच्यांसाठी नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारी हा काळ चांगला. ऑक्टोबरात रान उघडल्या उघडल्या जळवा असतात आणि ओढ्याचे दगड शेवाळलेले असतात.

परवानगी बामणोलीतच मिळते, सगळ्यांची ओळखपत्रं आणि त्यांच्या झेरॉक्स जवळ ठेवा. भाडं सहसा पूर्ण लाँचचं असतं, माणशी नाही. त्यामुळे चौघांना जड पडतं. सकाळी धक्क्यावर दुसरा एखादा गट गाठून वाटून घ्या. लाइफ जॅकेट मुलीच्या मापाचं आहे का ते बसण्याआधी बघा. शेंबडी आणि मुनावळ्याहूनही बोटी सुटतात.

वेळ अशी बांधा: साडेआठच्या आत लाँच, साधारण सव्वा ते दीड तास पाण्यात. पलीकडे मेट इंदवलीला उतरल्यावर चौकी. तिथे सॅक उघडून प्लास्टिक मोजतात आणि अनामत घेतात, येताना तेवढंच दाखवलं की परत. म्हणून पोळीभाजी स्टीलच्या डब्यात आणा, वेफर्सची पाकिटं घरीच ठेवा. मोजणीत निम्मा वेळ त्यांच्यातच जातो.

गड सुमारे ११७० मीटर. कोयनेचं पाणी पूर्ण भरलं की ६५९ मीटरवर असतं, म्हणजे चढ पाचशे मीटरच्या घरात. सुरुवातीला सपाट वाट, मग ओढा आणि मारुती-गणपती. पाणी इथेच भरा, माणशी तीन लिटर, मुलीचं दोन. पुढे खडी चढण, पण डोक्यावर जांभूळ, अंजनी, हिरड्याची गच्च सावली. वर वाट फुटते, डावी नागेश्वरच्या गुहेतल्या देवळाकडे जाते आणि उजवी गडावर. लहानांना घेऊन नागेश्वर त्याच दिवशी जमत नाही. झाडी संपून कारवी लागली की सावली गेली. हा शेवटचा तुकडा बाराच्या आत उरकला तर बरं.

चढायला तुम्हाला अडीच तास धरा. गडावर आधी डावीकडे जोडटाक्यांवरून बाबुकड्यावर जा, मग महादेवाचं देऊळ आणि माची. कड्याच्या टोकाशी मुलीचा हात सोडू नका, तिथे कठडा नाही. दोन वाजता उतरायला लागायचं म्हणजे लागायचं. रात्री आत राहता येत नाही आणि लाँचवाला अंधारात थांबत नाही.

पडतात ते उतरताना. वाळलेल्या पानांखाली गोटे लपलेले असतात आणि पाय सरकतो. वडिलांना काठी द्या. नवे बूट नकोत, तळाला नख्या असलेले आणि महिनाभर वापरलेले हवेत. बोटांपुढे अर्धा इंच जागा राहू द्या, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात.

कृष्णाकाठ
छान. फुलं आणि रान वेगवेगळं करतो, कास सप्टेंबरात, वासोटा डिसेंबरात. डिसेंबरात जळवा नाहीत, मग दुसरं काय सांभाळायचं? आणि अर्ध्यात मुलगी थकली तर?

जावळीकर
थकली तर वाट फुटते तिथपर्यंतचं रान बघून एका मोठ्या माणसाने तिला घेऊन खाली यायचं. वाट एकच आणि मळलेली आहे, चुकत नाही. तिच्याजवळ शिट्टी द्या. मोबाइलला रेंज नसते, तेव्हा कुठे भेटायचं ते आधी ठरवा: मारुतीपाशी, चौकीपाशी नाही.

डिसेंबरात खरी भीती खाजकुइलीची. वेलीवर तपकिरी मखमली शेंगा लोंबतात आणि नुसत्या वाऱ्यानेही त्यांची कुसळं अंगावर येतात. लागली तर चोळू नका आणि पाणीही लगेच ओतू नका, ती पसरते. आधी चिकटपट्टी चिकटवून ओढून काढा, मग धुवा. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायघोळ पँट सगळ्यांना, मुलीलाही.

कड्यांना आग्या मोहोळ असतं, अत्तर-डिओ मारून येऊ नका आणि विडी-सिगारेट तर नकोच. गवा वाटेत दिसला तर थांबा, त्याला जायला जागा द्या, फोटोसाठी पुढे सरकू नका. अस्वल शांत वाटेवरच दचकतं, म्हणून वळणांवर बोलत चाला. घरी गेल्यावर गुडघ्याची मागची बाजू आणि काखा गोचिडांसाठी तपासा.

सडेफटिंग
आणि सप्टेंबरात आलाच आहात तर दुसरा दिवस मोकळा ठेवू नका. सज्जनगडाच्या रस्त्याने ठोसेघरचा धबधबा करा, वर चाळकेवाडीचा सडा आहे, पवनचक्क्यांचा. जांभा तोच, गर्दी कासपेक्षा कमी. नियमही तेच पाळा, तिथे अडवायला कुणी नसलं तरी.